चूल वेगळी असल्याबद्दल

माझ्या पतपत्रिकेत माझा नवरा परत आला होता. घरात नव्हे हो, घरात यायची त्याची छाती नाही. नुसता त्या पत्रिकेत, बँक कर्ज द्यायच्या आधी बघते ती. कोर्टानं आम्हाला वेगळं करून कितीतरी वर्षं झाली, मी माहेरचं नाव परत लावलं, तृप्ती मगदूम, आणि तरी बँकेतल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला तर तिथं लिहिलेलं, चूल एक, माणसं तीन. तृप्ती मगदूम, शालन चौगुले, संदेश चौगुले. आणि खाली लाल अक्षरांत थकलेल्या कर्जांची ही लांब रांग.

"ही सगळी त्याची आहेत," मी म्हटलं.

"असतील," बाई म्हणाल्या. "पण चूल एक आहे ना तुमची."

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत माझं भाकरी केंद्र आहे. पेशंटबरोबर गावाकडनं आलेली माणसं हॉटेलचं किती दिवस खाणार? त्यांना आम्ही डबा देतो. ज्वारीची भाकरी, आमटी, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी. गाळा भाड्याचा, आणि मालकांनी तो विकायला काढलेला. दसऱ्यापर्यंत पहिला मान माझा, नाहीतर शेजारचा औषधवाला रोख घेऊन उभाच आहे. गाळा गेला की मी आणि माझ्याकडच्या चौघीजणी तव्यापरातीसकट रस्त्यावर. गाळा हवा तर कर्ज हवं, आणि कर्ज हवं तर पत्रिकेतनं नवरा गेला पाहिजे. एवढंच माझं दुखणं होतं.

आता ही 'चूल' काय भानगड आहे ते सांगते, कारण आमच्याकडं निम्म्या लोकांना ती अजून कळलेली नाही आणि बाकीच्यांना उशिरा कळली. पूर्वी रेशनकार्डाला एक चूल म्हणजे एक कुटुंब असा हिशोब असायचा. पण लोक हुशार. कर्ज बुडवायचं असलं की भाऊ भाऊ कागदावर वेगळे व्हायचे, नवराबायको खोटा घटस्फोट घ्यायची, घर एकाच्या नावावर आणि देणी दुसऱ्याच्या. बँका मेटाकुटीला आल्या. मग संशोधकांनी डोकं लढवलं, की कागद बघायचाच नाही, वागणं बघायचं. कुणाचा फोन रात्री कुणाच्या छपराखाली असतो, कुणाचा रिचार्ज कोण मारतं, कुणाचा गॅस जळत नाही तरी ते माणूस उपाशी कसं राहत नाही, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक धागा. कुठला बारीक, कुठला जाड. यंत्र एका माणसाला धरून उचलतं, आणि त्याच्याबरोबर जी माणसं उचलली जातात ती एक चूल. कोथिंबिरीची एक काडी ओढली की सगळी जुडी हातात येते ना, तसं. घटस्फोटाचा हुकूम दाखवा नाहीतर आणखी काही दाखवा, यंत्राच्या लेखी ती रद्दी.

खोटं कशाला बोलू, यंत्रानं हजारो लबाड पकडले. गव्हाबरोबर किडे रगडतात म्हणतात, तशी त्यात मी सापडले.

सांगलीला पतनोंद केंद्रात दुरुस्तीची खिडकी आहे. तिथं तन्वीर बागवान नावाचे अधिकारी बसतात. माणूस बरा. निदान बोलताना तोंडाकडं बघतो. त्यांनी माझे धागे उघडले आणि बराच वेळ हनुवटी खाजवत बसले.

"ताई, संदेशशी तुमचा सरळ धागा एकसुद्धा नाही. त्याच्यापासून तुम्ही सुटलाय. तुम्ही बांधल्या गेलाय त्या शालनबाईंना. आणि त्या त्याला."

शालनबाई म्हणजे माझी सासू. संदेश नको त्या नादात कर्जं करून सुरतेला पळाला, मी कोर्टात गेले, सुटले. पण सासू माझ्यापासून दोन गल्ल्यांवर एकटीच राहिली. गुडघे गेलेले, ओट्यापाशी उभं राहता येत नाही. गाळ्यातनं रोज ढिगानं डबे जातात, त्यात एक तिचा जातो. तिच्याकडनं पैसे घ्यावेत हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"गोम तिथंच आहे," बागवान म्हणाले. "सगळ्या डब्यांचे पैसे येतात, एकाचे येत नाहीत. यंत्र म्हणतं, जे फुकट जेवतं ते घरचं."

"मग यंत्राला अक्कल आहे म्हणायची."

ते हसले. "तक्रार दाखल करू आपण. पण आजपासून तुमचं वागणं गिऱ्हाइकाशी असतं तसं दिसलं पाहिजे. पैसे घ्या. आई म्हणू नका, फोन ऐकतो ते. सणावाराला जाऊ नका. किंवा मग दुसरीकडनं तोडायचं, त्यांनी मुलाला तोडायचं. पण ते त्यांच्या हातात."

मी संध्याकाळी सासूकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई डोळ्यात पाणी आणणार. कसलं काय.

"घे की पैसे," ती म्हणाली. "पेन्शन काय मी वर घेऊन जाणाराय? आणि हाक काय मारणार मला?"

"मावशी. सगळ्या गिऱ्हाइकांना मावशीच म्हणते मी."

"मावशी तर मावशी. नुसतं माय मरो मावशी उरो करू नकोस म्हणजे झालं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसली. मुलाला तोडायची गोष्ट मी काढलीच नाही. तो दर रविवारी फोन करतो. बोलतो काय, तर पैसे मागतो. तरी रविवारी ती दुपारची झोप घेत नाही.

महिनाभर आम्ही नाटक वठवलं. पैसे वेळेवर आले. मी मावशी म्हटलं. गणपतीत गेले नाही. आणि महिन्यानं निकाल आला, तक्रार फेटाळली.

मी तडक सांगली गाठली. बागवानांनी एक आलेख समोर धरला.

"डबा, ताई."

मध्यंतरी एका लग्नात विषबाधेचं प्रकरण झालं, तेव्हापासून डबेवाल्यांच्या प्रत्येक झाकणात एक टिकली असते. अन्न किती गरम आहे, किती वजनाचं आहे, सगळं नोंदवते. जातानाही आणि येतानाही.

"इतर डबे येताना रिकामे. कधी खरकटे. हा एक डबा रोज येताना भरलेला असतो. थोडाच, पण रोज. यंत्राच्या भाषेत याला देवाणघेवाण म्हणतात. गिऱ्हाईक पैसे देतं, ताई. परतीचं काही देत नाही."

मी कपाळाला हात लावला. कुणाचं भांडं आपल्या घरातनं रिकामं परत पाठवू नये, हे मला शिकवलं कुणी, तर ह्याच बाईनं. कधी दोन लिंबं, कधी कढीपत्त्याची डहाळी, कधी मूठभर शेंगा. येतं ते मी इतकी वर्षं फोडणीत टाकत आले होते, बघतसुद्धा नव्हते.

"मावशी, डबा रिकामा पाठवायचा," मी तिला जाऊन बजावलं.

"रिकामा? भरल्या घरातनं?"

"सगळे तसाच पाठवतात. खरकटासुद्धा."

"त्यांच्या आयांनी शिकवलं नसेल."

"अहो, गाळा जाईल माझा!"

तेवढं म्हटल्यावर तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी डबा आला, घासूनपुसून लख्ख. उघडला तर तळाशी चमचाभर साखर. मी फोन केला आणि नको नको ते बोलले. तिकडनं बारीक आवाजात उत्तर आलं, "चमचाभर तर आहे. तेवढी कुठं वजनात येतीय?"

वजनात आली. आता एकच वाट उरली होती, स्वरसाक्षीची.

स्वरसाक्षी म्हणजे आवाजाची परीक्षा. आपल्या गळ्यात दोन बारीक पडदे असतात आणि त्यांना ताणणारे स्नायू. मनात एक आणि ओठावर एक असं झालं की श्वास आणि ते स्नायू यांचा मेळ एका निमिषापुरता चुकतो. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. ते आपला नेहमीचा आवाज आधीच जाणून असतं, फोनवरचा. मग तुम्ही यंत्रासमोर बसून एक वाक्य म्हणायचं. मेळ चुकला तर लाल दिवा, नाही चुकला तर हिरवा. हिरव्यापुढं सगळे धागे फिके, कारण माणसाच्या मनातलं त्यालाच ठाऊक, असा नियम.

दसरा अगदी तोंडावर आलेला. नवरात्राच्या उपवासाच्या डब्यांनी आमचा पिट्ट्या पडलेला, एक बाई बाळंतपणाला गेलेली, तिच्या वाटणीच्या भाकऱ्या मीच थापत होते. पहाटे उठून काम, दुपारी सांगलीची एसटी, संध्याकाळी परत काम. उभ्या उभ्या डोळे मिटायचे. त्या दिवशी सासूला रिक्षात घालून केंद्रात नेलं, तेव्हा मला तिच्या गुडघ्यांचा हेवा वाटला. निदान तिला कुणी बस तरी म्हणत होतं.

मी काही सांगायच्या आतच ती यंत्रापुढच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आधी माझं घ्या, साहेब. मी तोडते मुलाला. हिला कशाला त्रास?"

"आई, नको," माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"तू गप्प बस. मावशी म्हण." आणि तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि शाळेतल्या पोरीसारखं वाक्य म्हटलं. "संदेश चौगुले माझा कुणी नाही."

लाल.

"थांबा, दम लागला होता," ती म्हणाली. परत म्हटलं. लाल. पाणी प्याली, परत म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, त्याला शिव्या घालून म्हटलं. लालच. शेवटी बागवानांनीच यंत्रावर हात ठेवला.

"जाऊ दे आजी."

"पोटचा आहे ना," ती उठता उठता म्हणाली. "तोंड माझं ऐकतंय, पोट ऐकत नाही. माझ्या हातनं तुझं काही व्हायचं नाही बघ, तृप्ती."

मग मी बसले. मला खात्री होती, माझाही लालच येणार. किती वर्षं तिला जेवू घातलं, आजारपणं काढली, भांडले, रुसले. लाल येईल, गाळा जाईल, मग बघू काय ते. निदान हे हेलपाटे तरी थांबतील. एवढाच विचार होता डोक्यात. तोंडासमोरचं वाक्य मी वाचलं.

"शालन चौगुले माझ्या कुणी नाहीत."

हिरवा.

मी दिव्याकडं बघत राहिले. वाटलं, आता बदलेल. बदलला नाही. बागवानांनी घाईघाईनं शिक्का उठवला, जणू तो हिरवा दिवा त्यांना झाकून टाकायचा होता. मागं बाकावर सासू बसलेली. तिची नजर चांगली आहे. ऐकू जरा कमी येतं, पण दिवा बघायला ऐकू कशाला यायला पाहिजे?

"अभिनंदन, ताई," बागवान म्हणाले. मग पुढं झुकून हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका. माणूस फार थकलं ना, की ते स्नायू सैल पडतात. ताणच उरत नाही, मग मेळ चुकायचा कुठनं? थकलेल्याचं सगळंच खरं वाटतं यंत्राला. आम्ही वर कळवलंय हे."

"मग ही चूक झाली की."

"चूक आहे. पण तुमच्या फायद्याची आहे." त्यांनी कागद पुढं सरकवला. "सही करा. उद्या कर्ज मंजूर होईल. पुढचे काही महिने मात्र जपून राहा, देखरेख असते, तोवर बँक निम्मेच पैसे देते. धागा परत दिसला तर उरलेला हप्ता बँक देणार नाही, आणि दिलेलाही मागेल."

मी सही केली. काय करणार होते? चौघींची घरं त्या गाळ्यावर होती, शिवाय माझं.

रिक्षात मी तिला समजावायला लागले. स्नायू, ताण, थकवा, बागवान काय म्हणाले ते सगळं.

"झालं ना काम?" ती बाहेर बघत म्हणाली. "बरं झालं."

"अहो पण ते खरं नव्हतं."

"मला कशाला समजावतीस? मी काय यंत्र आहे व्हय?"

दसऱ्याला गाळ्याच्या, माझ्या स्वतःच्या गाळ्याच्या, दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. बँकेनं निम्मे पैसे मालकांना दिले, निम्मे देखरेख संपल्यावर. गाळ्यातल्या सगळ्या नाचायच्या बाकी होत्या. मला आनंद झाला का? झाला. नाही कशाला म्हणू? पण खुर्ची मिळाल्यावर आधी बसावं आणि मग आनंद करावा, अशी माझी गत झालेली. झोपले, ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले.

आणि मग शालन चौगुले या गिऱ्हाइकाच्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिली आली ती आमटीची. पाणचट. पाचातला एक तारा. मला वाटलं, चुकून दाबलं असेल. दुसऱ्या दिवशी, भाकरी वातड. मग वांग्यात तेलाचा पूर. मग चटणीला वास. इतकी वर्षं मी घातलेलं त्या बाईनं निमूट खाल्लं, एकदा आमटीत मीठ टाकायचं विसरले होते तरी म्हणाली नाही की अळणी आहे. आणि आता रोज दुपारी माझ्या फोनवर तिची तक्रार. आमच्यातली आक्का पोट धरून हसायची. "म्हातारीला गिऱ्हाईकपणा चढला की गं!" डबा आता रिकामा यायचा. खरकटा यायचा. बागवानांना हवा होता अगदी तसा.

मी हसत नव्हते. हे कशापायी चाललंय ते मला पक्कं कळत होतं, पण तिच्याकडं जायचं धाडस होत नव्हतं. यंत्राची भीती होतीच. त्याहून जास्त भीती तिच्या दाराची होती. शेवटी एके दिवशी तक्रार आली, 'अन्न खाण्यालायक नव्हतं, टाकून दिलं.' अन्न टाकलं? ह्या बाईनं? जिनं मला शितं वेचायला लावली होती? मी हातातलं पीठ तसंच झटकलं आणि भर दुपारी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती खुर्चीत बसून शेंगा फोडत होती. मला बघून उठायचं केलं. सासू, मला बघून उठायला लागली!

"या. बसा. काय काम काढलंत?"

मला 'या बसा' म्हणाली. माझ्या लग्नात व्याह्यांना म्हणाली असेल तेवढंच.

"तुम्हाला राग आलाय," मी म्हटलं.

"राग कसला? राग घरच्या माणसाचा येतो. तुम्ही दुकानदार, मी गिऱ्हाईक. भाकरी वातड होती, कळवलं. पैसे मोजते मी."

"भाकरी वातड नव्हती."

"तुमच्या यंत्राला विचारा."

मी उंबऱ्यावरच बसले. हाताला पीठ होतं, त्याच हातानं डोळे पुसले, सगळं तोंडभर झालं. ती बघत होती. शेंगा फोडायची थांबली. 

"मला ठाऊक आहे गं," ती शेवटी म्हणाली. "दमलीस तू. त्या साहेबांनी सांगितलेलं मी पण ऐकलं, एवढी काही बहिरी नाही. तुझा गाळा राहिला, चांगलंच झालं. पैसे घे, मावशी म्हण, असं मीच म्हटलं होतं." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "पण तुझा आवाज जरा तरी हलायला पाहिजे होता. त्या माझ्या नालायक पोराचं नाव घेताना माझा हलतो. माझ्या नावाला तुझा थोडासुद्धा हलू नये?"

माझा फोन समोर कट्ट्यावर होता, मीच येता येता ठेवलेला. चालू. तिचा तिच्या उशाशी. दोन्ही ऐकत असणार. देखरेख संपायला अजून बराच अवकाश होता आणि गाळ्याचे निम्मे पैसे अजून बँकेतच होते. उठून बाहेर ठेवावा, असं एकदा मनात आलं. उठले नाही. म्हटलं, ऐकू दे काय ऐकायचंय ते.

"आई," मी म्हटलं, आणि आवाज असा काही हलला की पुढचं धड उमटेना. "आई, भांडा माझ्याशी. गिऱ्हाइकासारखं नको. नीट भांडा."

"नीट?"

"नीट."

तिनं शेंगा भरलेलं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि सुरुवात केली, ती पार माझ्या लग्नात राहिलेल्या तिच्या भावाच्या मानपानापासून.